टीव्हीला हेडफोनचं भोक नाही? मग बॉक्सच्या मागे बघा

जुना टीव्ही आणि वायरवाले हेडफोन एवढं नुसतं बोलायचा अवकाश, समोरच्याचा सल्ला तयार असतो, अरे स्मार्ट टीव्ही घेऊन टाक ना, ब्लूटूथ येतं त्यात, कशाला जुगाड करत बसतोस. आता आमचा ३२ इंची एलसीडी बराच जुना आहे हे खरं, रिमोटवरचे आकडे पुसले गेलेत, पण पिक्चर अजून झकास आहे आणि चालती वस्तू काढून टाकायची आमच्या घरात पद्धत नाही. आणि अडचण टीव्हीची नव्हतीच मुळी, अडचण होती रात्रीची. बाबांना मॅच लागते, त्यात टीम वेस्ट इंडिजला गेलेली असली की आपल्याकडे संध्याकाळी सुरू झालेली मॅच अर्ध्या रात्रीच्या पुढे जाते, बाबांना आताशा थोडं कमी ऐकू येतं म्हणून आवाज चढलेला, पोराचं बारावीचं वर्ष, आणि इंदूरच्या रामबागेतली आमची घरं अशी की भिंत एकच आणि तिच्या दोन्हीकडे दोन कुटुंबं, पलीकडे काकूंनी पातेलं ठेवलं तरी इकडे कळतं.

ब्लूटूथ आम्ही करून पाहिलं. टीव्हीला लावायचा छोटा ट्रान्समीटर मिळतो तो मावसभावाकडून आणला, जोडला गेला, आवाज आला, आणि दोन ओव्हरमध्ये बाबांनी कानातून काढून ठेवलं. म्हणाले, "अरे बॉल बाउंड्रीला पोचतो आणि मग बॅटचा आवाज येतो." इतकंही नव्हतं, पण साध्या ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान करायचा, पाठवायचा, पलीकडे परत उलगडायचा, यात सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा सहज जातो आणि ओठ आणि शब्द सुटे सुटे दिसायला लागतात. उशीर कमी करणारी कोडेक, म्हणजे आवाज दाबायच्या-उलगडायच्या पद्धती असतात, पण ती दोन्हीकडे पाहिजेत, ट्रान्समीटरमध्येही आणि हेडफोनमध्येही. वर परत चार्जिंगची भानगड. बाबांचं म्हणणं सरळ होतं, वायरवाला आणा, चार्ज करायला नको आणि वायर असली की हरवत नाही.

मग सगळे करतात तेच, मोबाइलचा टॉर्च लावून टीव्हीच्या मागे डोकं घालायचं. मागे भोकं भरपूर असतात हो, त्यांचीच तर गंमत आहे. आमच्याकडे लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागा, कॉम्प्युटरचा निळा व्हीजीए, दोन एचडीएमआय, आणि चक्क एक छोटं गोल भोक, हेडफोनच्या पिनेच्या मापाचं. पोराने लगेच पिन घातली आणि म्हणाला, झालं की! काहीही झालं नाही, कारण त्याच्या शेजारी बारीक अक्षरात पीसी ऑडिओ इन लिहिलं होतं. म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज टीव्हीत घ्यायचं भोक. जुन्या एलसीडींना हे भोक सर्रास असतं आणि सर्रास लोक तिथेच फसतात. तेव्हा मागे काहीही घालायच्या आधी तिथलं इन आणि आउट नीट वाचायचं. लाल-पांढऱ्या पिनांचंही तेच, एलसीडीवर बहुतेक वेळा त्या फक्त इन असतात. डब्यावाले मोठे जुने टीव्ही याबाबतीत शहाणे होते, त्यांतल्या बऱ्याच जणांना मागे एव्ही आउट किंवा मॉनिटर आउट, म्हणजे आवाज आणि चित्र बाहेर काढायची जागा असायची. तुमच्याकडे अजून तसला टीव्ही चालू असेल तर तुमचं निम्मं काम तिथेच झालं.

पण माझं म्हणणं असंय की टीव्हीच्या मागे डोकं घालायची गरजच बहुतेक घरांत नाहीये. आवाज टीव्हीत येतो कुठून? खालच्या सेटटॉप बॉक्समधून. इंदूरमध्ये ३१ मार्च २०१३ ही केबल डिजिटल करायची शेवटची तारीख होती, आपलं शहर दुसऱ्या टप्प्याच्या ३८ शहरांत होतं, आणि तेव्हापासून केबल म्हटलं की बॉक्स आलाच. त्या बॉक्सच्या मागे लाल-पांढरी-पिवळी पिन बहुतेक असतेच, आणि ती आउट असते, इन नाही! बॉक्स टीव्हीला एचडीएमआयने जोडलेला असला तर त्या तिन्ही पिना रिकाम्या बसलेल्या असतात, आणि बऱ्याचशा बॉक्समध्ये एचडीएमआय चालू असतानाही त्यांच्यातून आवाज येत असतो. धूळ पुसायची आणि लाल-पांढऱ्यात वायर घालायची. पिवळी सोडून द्यायची, ती चित्राची. बॉक्स आधीच लाल-पांढऱ्या-पिवळ्यानेच टीव्हीला जोडला असेल तर एकाचे दोन करणारे वाय जोड मिळतात, एक जोडी टीव्हीला, एक तुम्हाला. एका आउटचे दोन फाटे केले तर बिघडत नाही, दोन आउट एकात कोंबायचे मात्र कधी नाहीत.

आता वायर. जेल रोडला गेलो, तिथे या असल्या वायरींचा नुसता महासागर आहे, आणि दुकानदाराला सांगितलं की लाल-पांढरी एकीकडे आणि हेडफोन घुसेल असं दुसरीकडे. त्याने बघितलं न बघितलं आणि ड्रॉवरमधून वायर काढून काउंटरवर टाकली, "ये लो भिया, यही चलती है." तिच्या दुसऱ्या टोकाला पिन होती. आता हेडफोनलाही पिन आणि वायरलाही पिन, जोडणार कसं? ही मोबाइलमधून होम थिएटरला गाणी लावायची वायर, ती सगळ्यात जास्त खपते म्हणून हातात पहिली तीच येते. आपल्याला हवी ती लाल-पांढरी मेल आणि साडेतीन एमएम फीमेल, म्हणजे त्या टोकाला भोक. हेच शब्द बोलायचे, "फीमेल जैक वाली देना भिया", आणि दुकानातच आपल्या हेडफोनची पिन त्यात घालून बघायची, कारण सैल जॅक पुढे काय त्रास देतो ते खाली सांगतोच. वायर दोनशेच्या आतच मिळाली.

घरी आणून जोडली, आवाज आला, पण अगदी बारीक. बॉक्सचा व्हॉल्यूम फुल, तरी कॉमेंट्री अशी की शेजारच्या खोलीत कुणीतरी कुजबुजतंय. यात वायरीचा दोष नाही. बॉक्समधून जो आवाज बाहेर येतो तो लाइन लेव्हलचा, म्हणजे दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरने उचलून मोठा करायचा. समोरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा रेझिस्टन्स दहा-वीस हजार ओहम असतो, त्याला करंट जवळपास लागतच नाही, नुसतं व्होल्टेज दाखवलं की पुरतं. हेडफोनचा रेझिस्टन्स किती, तर साधारण ३२ ओहम. आणि बॉक्सच्या आत आउटच्या वाटेवर काहीशे ते हजारेक ओहमचा रेझिस्टन्स बसवलेला असतो. आता शाळेतला हिशोब करा, हजारामागे बत्तीस, म्हणजे शंभरातले तीन टक्के व्होल्टेज कानापर्यंत येणार, बाकी सगळं आतच राहणार. ज्यांचे कान तरुण आहेत आणि रात्री घर शांत आहे त्यांना एवढंही कधी कधी चालून जातं, पोराला चाललं असतं. बाबांना नाही.

म्हणून मध्ये छोटा अ‍ॅम्प लागतो. हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर म्हणून काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी मिळते, एकीकडे इन, एकीकडे आउट, वर गोल बटन, पाच व्होल्टवर चालते. ऑनलाइन घ्या किंवा जेल रोडला शोधा, काहीशे रुपयांचं काम आहे. पण त्याच्याही आधी घरातला माळा बघा. डेस्कटॉपच्या जमान्यातले कॉम्प्युटर स्पीकर कुणाकडे पडलेले नसतात? त्यातल्या बऱ्याच स्पीकरना पुढच्या बाजूला, आवाजाच्या बटनाशेजारी, हेडफोनचं भोक असतं. आत अ‍ॅम्प आहे, बटन आहे, करंट आहे, अजून काय पाहिजे? आमचे स्पीकर गोधड्यांच्या गाठोड्यामागे सापडले. बॉक्सच्या लाल-पांढऱ्यातून स्पीकरच्या इनमध्ये वायर, आणि इथे मात्र तीच जेल रोडची पहिली वायर लागते, पिनवाली, तेव्हा दोन्ही घेऊन ठेवल्या तरी वाया जात नाहीत. हेडफोनची पिन पुढे घातली की बऱ्याचशा स्पीकरचा आवाज आपोआप बंद होतो, आणि बाबांच्या कानात होळकर स्टेडियम.

यातली खरी मजा नंतर कळली. हेडफोन लावले म्हणून टीव्हीचे स्पीकर बंद होत नाहीत, कारण टीव्हीला बिचाऱ्याला काही माहितीच नाही, आपण आवाज त्याच्या आधीच काढून घेतलाय. ऐकायला ही अडचण वाटते पण आमच्याकडे तीच सोय झाली. बॉक्सच्या रिमोटने बॉक्सचा आवाज जवळपास वर ठेवून द्यायचा आणि परत हात लावायचा नाही. टीव्हीच्या रिमोटने टीव्हीचा आवाज, म्हणजे रात्री शून्य, आणि दिवसा आई बरोबर बघत असेल तर तिला हवा तेवढा. हेडफोनचा आवाज स्पीकरच्या बटनावर. आई दहावर ऐकते, बाबा त्यांच्या त्यांच्या आवाजात ऐकतात, आणि आवाज कमी कर की वाढव यावरून रोज होणारी वादावादी बंद. बारीक बघायचं तर एलसीडी चित्रावर आणि आवाजावर थोडं काम करून मग दाखवतो म्हणून हेडफोनचा आवाज टीव्हीच्या किंचित पुढे असू शकतो, पण ते सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही.

बॉक्सच बारका असेल आणि मागे लाल-पांढरी नसून एकच गोल भोक असेल, एव्ही आउट लिहिलेलं, तर तिथे हेडफोन सरळ घालू नका. त्या पिनेवर तीन रिंगा म्हणजे चार जागा असतात, दोन आवाजाच्या, एक अर्थिंगची आणि एक चित्राची, आणि कुठली कुठे हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. हेडफोन घातला की एका कानात कधी आवाज आणि दुसऱ्या कानात घर्रर्र. ती घरघर म्हणजे चित्र आहे, खरंच! आपल्याकडच्या पाल सिस्टिममध्ये चित्र सेकंदाला ५० वेळा पडद्यावर वरून खाली जातं, तोच ५० चा गुणगुणाट कानात येतो, आणि पडद्यावर सीन बदलला की घरघरीचा सूरही बदलतो. पोराला हे इतकं आवडलं की जाहिराती तो डोळे मिटून ओळखायला बसला. अभ्यास सोडून काहीही. तर त्या भोकासाठी बॉक्सबरोबर आलेली तीन रंगांची लीडच वापरायची आणि तिच्या लाल-पांढऱ्यापासून पुढे तेच सगळं.

बॉक्स नाहीच, टीव्हीतच पेनड्राइव्ह लावून बघता किंवा थोडा नंतरचा टीव्ही आहे ज्यात अ‍ॅप आहेत, मग मात्र टीव्हीच्या मागे जावं लागतं आणि तिथे ऑप्टिकल आउट शोधायचं. चौकोनी छोटं झाकण असतं, काहींना प्लॅस्टिकचं बूच असतं, उघडलं की आत लाल उजेड दिसतो. तोशिबाने १९८३ मध्ये काढलेली ही चीज अजून तशीच चालू आहे. यातून डिजिटल आवाज उजेडाच्या रूपात येतो, त्याचा परत साधा आवाज करायला कन्व्हर्टर लागतो, दुकानात डिजिटल टू अ‍ॅनालॉग म्हणा किंवा डॅक म्हणा. घेताना हेडफोनचं भोक असलेलाच घ्या, नाहीतर परत अ‍ॅम्प शोधत फिरा. आणि जोडून आवाज आला नाही की लगेच परत करायला पळू नका, टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउट पीसीएमवर, म्हणजे न दाबलेल्या साध्या डिजिटल आवाजावर करा. ते बऱ्याचदा डॉल्बीवर किंवा बिटस्ट्रीमवर, म्हणजे दाबलेल्या आवाजावर असतं, आणि स्वस्त कन्व्हर्टरला डॉल्बी कळत नाही, तो गप्प बसतो नाहीतर खरखरतो. ऑप्टिकलचा एक फायदा मला फार आवडतो, मध्ये तांब्याची तारच नाही म्हणून टीव्हीकडून येणारा हम्म असा आवाज त्या वाटेने येऊच शकत नाही. तोटा असा की आवाज बहुतेक टीव्हींत फिक्स येतो, रिमोट दाबत बसा, कमी-जास्त कन्व्हर्टरच्या बटनानेच.

एचडीएमआयमधून आवाज काढणाऱ्या डब्याही मिळतात, एक्स्ट्रॅक्टर म्हणतात, बॉक्स आणि टीव्हीच्या मध्ये लावायच्या. दुसरं काहीच जमत नसेल तर त्या घ्या. टीव्हीच्या एचडीएमआयवर एआरसी लिहिलं असेल तर त्यातून आवाज उलटा बाहेरही येतो, पण ते २००९ च्या १.४ व्हर्जनपासून सुरू झालं, म्हणजे त्याआधीच्या टीव्हीत शोधायला नकोच, आणि त्यासाठीचा कन्व्हर्टर एआरसीवालाच लागतो, साधा एक्स्ट्रॅक्टर चालत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. गल्लीतल्या रिपेरिंगवाल्याला विचारलं तर तो म्हणणार, "खोल के स्पीकर की वायर से जैक निकाल देता हूं, दस मिनट का काम है." आम्हालाही ऑफर आली होती. डब्यावाल्या जुन्या टीव्हीत काहींची चेसिसच, म्हणजे आतला सांगाडाच, घरातल्या लाइटच्या करंटशी जोडलेली असायची, म्हणून त्यांचे स्पीकर प्लॅस्टिकमागे बंद असतात, आणि त्यातून काढलेली वायर आपण कानाला लावणार म्हणजे विचार करा. पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात ते वेगळंच, टीव्ही बंद केल्यावरही काही काळ ते आत साठून असतात. एलसीडीत पिक्चर ट्यूबची भीती नाही पण दुसरी गोम आहे. त्यातल्या स्पीकरच्या दोन तारांपैकी अर्थिंगची अशी बहुतेकदा कुठलीच नसते, दोन्ही तारांना अ‍ॅम्प एकमेकांच्या उलट ढकलत असतो. हेडफोनमध्ये डाव्या-उजव्याची एक तार कॉमन असते, ती तिथे जोडली की डाव्या आणि उजव्या अ‍ॅम्पची टोकं एकमेकांना भिडली, आणि अ‍ॅम्पची आयसी, म्हणजे चिप, गेली. दहा मिनिटांचं काम खरं, पण टीव्ही त्यानंतर मुका.

आता सैल जॅकचं. पलंग ते टीव्ही अंतर म्हणून पाच मीटरची एक्स्टेन्शन लावली, भिंतीच्या कडेने फिरवून, कारण मधून टाकली असती तर पहिल्याच रात्री आईच्या पायात आली असती. एक दिवस बाबा म्हणाले, बिघडलं रे, लोक नुसते ओठ हलवतायत. मी कानाला लावून बघितलं तर मालिकेचं मागचं म्युझिक व्यवस्थित, ढॅण ढॅण ढॅण सगळं येतंय, आणि डायलॉग गायब, अगदी विहिरीच्या तळातून आल्यासारखे. पिन अर्धी बाहेर आली होती. कॉमन तार सुटली की डावा आणि उजवा कान एकमेकांतूनच करंट घेतात आणि दोघांत जे वेगळं आहे तेवढंच ऐकू येतं. माणसांचं बोलणं दोन्ही बाजूंना अगदी सारखं भरलेलं असतं, ते एकमेकांना खाऊन टाकतं, म्युझिक पसरून भरलेलं असतं म्हणून राहतं. आईचं मत, त्या मालिकेत काही फरक पडला नाही. पिन पूर्ण आत दाबली, टक् असं झालं, माणसं बोलायला लागली. माइकवाले, मोबाइलबरोबरचे हेडफोन लावले तर हे जास्त होतं, कारण त्यांच्या पिनेवर चार जागा आणि एक्स्टेन्शनला तीनच. तसं झालं तर पिन एक केसभर बाहेर ओढून किंवा आत दाबून बघा. आणि वायरीला टीव्हीच्या स्टँडशी एक सैल गाठ मारून ठेवा, बाबा पाणी प्यायला हेडफोनसकट उठले की झटका गाठीला बसतो, बॉक्स खाली येत नाही.

हम्म असा आवाज येत असेल तर आधी अ‍ॅम्पचा चार्जर बदलून बघा, स्वस्त चार्जर फार गुणगुणतात. टीव्हीच्या यूएसबीतून करंट घेतला तरी कधी कधी तसंच होतं, मग तोच अ‍ॅम्प पॉवर बँकवर लावला की एकदम शांत.

आवाजाच्या बटनावर मी बायकोच्या नेलपॉलिशने एक लाल खूण केली आहे, त्याच्या पुढे नाही जायचं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगते आणि आवाज वाढला की तास फार भराभर कमी होतात, आधीच कमी ऐकू येणाऱ्या माणसाला तर आपण किती वाढवलं ते कळतही नाही. बाबा खूण मानतात. सुपर ओव्हर असली तर मानत नाहीत.

कुणी विचारेलच म्हणून, दोन हेडफोनसाठी एकाचे दोन करणारा जोड चालतो, फक्त दोन्ही हेडफोन साधारण एकाच तऱ्हेचे असू द्या, नाहीतर एकाला जास्त आणि एकाला कमी ऐकू येतं. आईसाठी तो पण आणला होता. तिने लावून बघितला आणि काढून दिला, कानात हे घातलं तर कुकरच्या शिट्ट्या कोण मोजणार म्हणे.